भात्यावरचं चौथं वजन

१

शेवटचा सूर कौलांखाली विरून गेला तरी टाळ्या झाल्या नाहीत. टेकडीवरच्या त्या ख्रिस्ती देवळात टाळ्या वाजवायची रीत नव्हती. माणसं नुसती उठून उभी राहिली. एकोणीस वर्षांचा शांतवन बाजाच्या बाकावरून खाली उतरला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मुंबईच्या एका मोठ्या देवळातून त्याला ऐकायला म्हणून खास आलेले साहेब हात पुढं करून निघाले. शांतवननं तो हात पाहिलाच नाही.

"आधी केरूकाकांना पुढं आणतो," तो म्हणाला. "वारा त्यांचा आहे."

हा बाजा म्हणजे पाइप ऑर्गन. साठ वर्षांमागं गलबतातून रत्नागिरीच्या बंदरावर उतरलेला, भिंतभर उंच, शेकडो नळ्यांचा. वाजवणारा पुढं बसतो, पण नळ्यांत वारा भरायला मागच्या अंधाऱ्या खोलीत एक माणूस लागतो. तिथं बैलगाडीएवढा चामड्याचा भाता, त्याला लाकडी दांडा आणि दांड्यावर केरू. तीस वर्षं केरूनं तो दांडा वरखाली केला होता. जातीनं कुणबी, गळ्यात तुळशीची माळ. देवळात प्रार्थनेला तो कधी बसला नाही आणि भात्याला हात लावण्याआधी दांड्याला नमस्कार करायला कधी चुकला नाही.

शांतवननं बाजाशेजारचं बुटकं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं.

केरू भात्याच्या पायथ्याशी पडला होता. डोकं मागून फुटलं होतं. ते डोकं मांडीवर घेऊन त्याची विधवा मुलगी मैना बसली होती. तिचं लुगडं रक्तानं भरलं होतं. ती रडत नव्हती.

फौजदार रावजी खानविलकर शेवटच्या बाकावर होते. आमंत्रण मोडता येईना म्हणून ते आले होते आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतच त्यांना डुलकी लागली होती. कसल्याशा ठप्पकन आवाजानं ते दचकून जागे झाले, आणि मग बाजानं त्यांना पुन्हा झोपू दिलं नाही. गावच्या भजनात ते पखवाज वाजवत, तेव्हा कान अगदीच दगडाचा नव्हता. आता गर्दीतून वाट काढत ते खोलीत शिरले. पहिल्या बाकावरचे डॉक्टर पोंक्षे आधीच आत पोचले होते आणि मैनेजवळ वाकून तिला काहीतरी म्हणत होते.

खानविलकरांना पाहून ते उठले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेलाय," ते हळूच म्हणाले. "पण फौजदार, रक्त वाळलंय. घाव तासापूर्वीचा आहे."

"काहीतरी काय, डॉक्टर! बाजा तर आत्ता थांबला."

"तेच म्हणतोय मी. असा घाव बसल्यावर याला दांडा उचलणंसुद्धा शक्य नव्हतं. मग तासभर भाता कुणी मारला?"

२

जिल्ह्याच्या पोलीस साहेबांना असले प्रश्न आवडत नसत. देवळाच्या ओसरीतच त्यांनी खटला निकालात काढला. बाजा शेवटपर्यंत वाजला, म्हणजे केरू शेवटपर्यंत जिवंत होता. बाकीची दोनशे माणसं बाकांवर होती. खोलीत फक्त मैना. मार्चातल्या उन्हात रक्त लवकर वाळतं, डॉक्टरांनी उगाच घोळ घालू नये. शिवाय सकाळीच बापलेकीचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. मैनेला भावाकडं मुंबईला गिरणीत कामाला जायचं होतं, आणि बाप "शांतवनचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू" म्हणून अडवत होता.

"उद्या दुपारी बाराला तिला मॅजिस्ट्रेटपुढं उभी करा," साहेब म्हणाले.

संध्याकाळी चौकीत खानविलकर तिच्यासमोर स्टुलावर बसले. पंचवीस-सव्वीसची असेल. गजाआड भिंतीला टेकून ती हाताच्या मुठी आवळून बसली होती.

"मैने, कुणी मारलं तुझ्या बापाला?"

तिनं मुठी आणखी आवळल्या.

"फास आहे पोरी याला. कळतंय का तुला?"

"मला काय करायचं ते करा, सायब," ती म्हणाली. एवढंच.

खानविलकरांनी पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते. रडणारे, शिव्या घालणारे, देवाच्या आणाभाका घेणारे. फास स्वतःहून गळ्यात ओढून घेणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या गजातून पुढं केला. तो घ्यायला तिनं मूठ उघडली.

दोन्ही तळहातांना टपोरे फोड आले होते. काही फुटून मांस लाल दिसत होतं.

"भाता तू मारलास," खानविलकर म्हणाले. "तासभर. सवय नसताना."

तिनं तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

खानविलकर तडक साहेबांच्या बंगल्यावर गेले. आता तरी गाठ सुटेल असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिनं कार्यक्रमाआधीच त्याला मारलं, आणि कुणाला कळू नये म्हणून प्रेताशेजारी भाता मारत बसली," ते म्हणाले. "शाबास फौजदार. तुम्ही तिचा फास आणखी आवळलात."

३

सकाळी सातला खानविलकर टेकडी चढले. हातात पाच तास होते, आणि आपल्याच शहाणपणानं त्यांनी मैनेचा फास आवळला होता.

देवळाला कालपासून कुलूप होतं. दाराशी शिपायाशी हुज्जत घालत याकोबमास्तर उभे होते. सत्तावीस वर्षं हा बाजा त्यांनी वाजवला होता. बोटं संधिवातानं वाकडी झाल्यावर, दोन वर्षांमागं, त्यांच्याच शागिर्दाला, शांतवनला, त्यांच्या जागी बसवलं गेलं. देवळात मास्तरांचा शब्द अजून चालत असे.

"फौजदार, माझी पायपेटी तेवढी घरी न्यायची होती," ते अजिजीनं म्हणाले. "काल संध्याकाळपासून सांगतोय. लाकूड जुनं आहे, उंदीर फार."

"तपास होईपर्यंत आतली काडीसुद्धा हलणार नाही, मास्तर. नियम आहे."

मास्तर मुकाट्यानं पायरीवर बसले. खानविलकरांनी नझीरला हाक मारली. हा पूर्णगडचा कारागीर, गलबतांची शिडं आणि चामडं शिवणारा. भात्याचं फाटलेलं चामडं त्यानंच सांधलं होतं, आणि काल साडेतीनपर्यंत तो केरूबरोबर खोलीत होता. रात्रभर त्याची पाचावर धारण बसलेली दिसत होती.

"साहेब, मी निघालो तवा केरूबाबा तंबाखू मळत व्हता," तो म्हणाला. "मंग मी ओसरीत बसलो. मैनाबाय सगळ्यांना पाणी देत व्हती, माझ्या म्होरं. घंटा झाली, पाद्रीसाहेबांची प्रार्थना चालू झाली, तवा बापाला पाण्याचा तांब्या घेऊन ती मागल्या दारानं गेली."

"आणि बाजा कधी सुरू झाला?"

"प्रार्थना संपल्यावर. पाच-सात मिनटांनी."

खानविलकरांनी त्याला भात्याच्या खोलीत नेलं. काय वेगळं दिसतंय सांग, म्हणाले. नझीरनं भात्याकडं पाहिलं आणि त्याचा हात आपोआप दाढीवर गेला.

"वजन कुठं गेलं?"

भात्याच्या पाठीवर वारा दाबून धरायला लोखंडी वजनं ठेवलेली असतात, पाच-पाच शेरांची. तीन कोपऱ्यांत तीन होती. चौथ्या कोपऱ्यात धुळीचा नुसता चौकोन.

"काम सोडताना सामान मोजायची माझी सवय हाय," नझीर म्हणाला. "साडेतीनला चार व्हती. कुराणाची शपथ."

ज्यानं केरूचं डोकं फोडलं ते हत्यार आता कळलं होतं. शिपायांनी खोली काल तीनदा झाडून पाहिली होती. मागच्या दाराबाहेर उघडा कातळ. ना विहीर, ना झुडूप, सुपारी टाकली तर दिसावी. बुटक्या दारातून बाहेर पडलं की दोनशे माणसं.

"नझीर, एक वजन काढलं तर बाजाचं काय होतं?"

"वाऱ्याचा जोर कमी व्हतो, साहेब. आवाज बसतो. माझ्यापेक्षा शांतवनाला इचारा."

४

शांतवन देवळामागच्या कातळावर बसला होता. मिशनच्या आश्रमात वाढलेलं हे अनाथ पोरगं. रोज दुपारी त्याच्या सरावासाठी केरू सहा वर्षं फुकट भाता मारत आला होता.

"मी मुंबईला जाणार नाही," खानविलकर काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "त्या साहेबांनी निवड झाल्याचं सांगितलं. मी नाही म्हणणार आहे. मी तिकडं वाजवत बसलो आणि काका..."

"ते नंतर. काल बाजाचा आवाज कसा होता?"

शांतवननं चमकून पाहिलं. "तुम्हाला कळलं? बसला होता. पट्टीही जरा उतरली होती. मला वाटलं, भीतीनं माझेच कान फिरले."

"मधेच बसला?"

"नाही. अगदी पहिल्या सुरापासून."

पहिल्या सुरापासून. म्हणजे पहिला सूर वाजला तेव्हा वजन भात्यावर नव्हतं. आणि खोलीत नव्हतं, बाहेरही नव्हतं. मैना तांब्या घेऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. ज्यानं घाव घातला तो वजन घेऊन तिच्याआधीच निघून गेला होता. पण हे सांगून साहेब ऐकतील? ते म्हणतील, टाकलं असेल कुठंतरी. वजन हातात हवं.

"आणखी काही खटकलं?"

"माझी एक चूक झाली. पहिल्याच सुराला उजव्या हाताला काहीतरी आपटलं, ठप्पकन. मी दचकलो आणि बोट घसरलं. कुणाला कळलं नसेल."

तो ठप्प त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. झोप त्यानंच मोडली होती.

"तुझ्या उजव्या हाताला काय असतं?"

"काहीच नाही. बाजाची बगल, आणि भात्याच्या खोलीचं दार. बाकांवरून तो कोपरा दिसत नाही. हां, काल मास्तरांची पायपेटी होती. जुना बाजा ऐनवेळी दगा देईल, तसं झालं तर मी वाजवून वेळ निभावेन, म्हणून सकाळीच त्यांनी हमालांकरवी आणून ठेवली होती. प्रार्थना संपून मी बाजाशी आलो तेव्हा स्वतःही तिथंच बसले होते."

खानविलकर उठले. साडेदहा वाजले होते.

५

देवळात त्यांनी चौघांनाच बोलावलं. पोलीस साहेब, डॉक्टर पोंक्षे, शांतवन आणि याकोबमास्तर. मैनेला शिपायानं बाकाच्या टोकाला बसवलं होतं.

"मास्तर," खानविलकर म्हणाले, "जरा पेटीवर एक गाणं वाजवा. केरूसाठी."

मास्तरांनी वाकडी बोटं पुढं धरली. "आज फार ठणकतायत."

"काल ठणकत नव्हती? काल तर वेळ निभावणार होतात."

खानविलकर कोपऱ्यातल्या पायपेटीजवळ गेले आणि त्यांनी पट्ट्यांवरचं झाकण उचलून सोडून दिलं. ठप्प. शांतवन जागच्या जागी दचकला.

"हाच आवाज ना?"

"हाच," शांतवन म्हणाला.

"काल पहिल्या सुराला हे झाकण पडलं. म्हणजे त्याआधी ते उघडं होतं. मास्तर, बाजा फसला तर माणूस पेटी उघडेल. बाजा सुरू व्हायच्या आधीच तुम्ही पेटी उघडून, हात पट्ट्यांवर ठेवून कशाची वाट पाहत होतात? दोनशे माणसं बाजा वाजणार म्हणून बसली होती. तो वाजणार नाही हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. आणि तो वाजला! मेलेल्या माणसानं वारा भरला! झाकण हातातून सुटलं ते तेव्हा."

"हे तर्क आहेत," साहेब म्हणाले, पण आवाजात कालची ऐट नव्हती.

खानविलकरांनी शिपायाला पेटीच्या खालच्या, वारा भरायच्या पायफळ्या मारायला सांगितलं. शिपायानं जोर लावला. पायफळ्या अर्ध्यावर अडकल्या. पेटीची मागची फळी उघडली तेव्हा आतल्या भात्यावर उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी पडलं होतं. उपरण्यावर काळे डाग होते. आत पाच शेरांचं वजन, आणि त्याला चिकटलेले पांढरे केस.

याकोबमास्तर खाली बसले. ते शांतवनकडं पाहत होते.

"मारायला गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मधल्या गाण्याला दांडा सोड, एवढंच मागितलं. एकदाच. चार दिवस विनवत होतो त्याला. बाजा बंद पडला असता, मी पेटीवर बसलो असतो, लोकांना आठवलं असतं की मीही आहे. तो तंबाखू मळत हसला. म्हणाला, 'मास्तर, तुमची बोटं वाकडी झाली तवा सुरात तुम्ही अडखळायचात आणि मी वारा सांभाळून घ्यायचो. तुमाला कधी उघडं पाडलं न्हाय. मंग पोराला का पाडू?' इतकी वर्षं मला वाटत होतं, कुणाला कळलं नाही. त्याला सगळं माहीत होतं. तो नमस्कार करायला दांड्याशी वाकला आणि वजन माझ्या हाताशी होतं."

तेवढ्यात घंटा झाली, मागच्या दाराशी पावलं वाजली, आणि बुटक्या दारातून ते कोपऱ्यात आले. पुढचं सांगायची गरज नव्हती. शिपायानं बेड्या घातल्या तेव्हा शांतवननं तोंड फिरवलं. ज्या हातांनी त्याला पहिला सूर दाखवला ते हात होते ते.

६

मैनेला सोडलं तरी ती उठेना. देवळाच्या पायरीवर खानविलकर तिच्याशेजारी बसले. खुनी सापडला होता, साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि तरी त्यांना बरं वाटत नव्हतं. ही पोरगी स्वतःला सोडवायला एक शब्द का बोलली नाही, ते अजून कळलं नव्हतं.

"मी आत गेलं तवा बापूस जिता व्हता," ती आपणहून म्हणाली. "मी वरडणार तवर त्यानं माझा हात धरला. म्हनला, दांडा धर. मी इचारलं, कुणी मारलं? तर म्हनला, आधी भाता, मंग सांगतो. पोराचा दीस हाय आज. इशाऱ्याची दोरी हलली, भायेरनं शांतवनानं वढली, आणि मी दांडा धरला. वाटलं, एक गाणं झालं की हाक मारीन. पण एक संपलं की लगेच दुसरं. बापूस डोळं उघडं ठेवून ऐकत व्हता. तिसऱ्या गाण्याला बघितलं तर ऐकत नव्हता."

खाली समुद्र उन्हात पांढरा पडला होता. ती तळहातांकडं बघत होती.

"दागतर पयल्या बाकावर बसलेला व्हता, सायब. मी हाक मारली असती तर वाचला असता का त्यो?"

कालच संध्याकाळी डॉक्टरांनी खानविलकरांना सांगितलं होतं की घाव बसल्यावर केरू अर्धा तास तरी जगला असावा आणि वेळेवर हात पडला असता तर आशा होती. वीस वर्षांच्या नोकरीत खानविलकरांनी पंचनाम्यात एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "कुणी आलं असतं तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलं मला."

मैनेनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पदर डोक्यावर सारखा केला.

"बरं झालं," ती म्हणाली. "शांतवनालाही हेच सांगा. दुसरं काय सांगू नका. आणि मुंबईस जा म्हनावं."

ती टेकडी उतरून दिसेनाशी झाल्यावर खानविलकर आत गेले. डॉक्टर पोंक्षे एकटेच बाकावर बसून होते.

"डॉक्टर, एक काम करा माझं. ती पोरगी कधी विचारील, हाक मारली असती तर बाप वाचला असता का. नाही म्हणून सांगा. मी तसंच सांगितलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरून तो नुसता हातात धरला.

"काल मी खोलीत शिरलो तेव्हा माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं, फौजदार. हाताला वाळलेलं रक्त लागलं आणि बोलून गेलो. म्हटलं, 'अगं, मी दहा पावलांवर बसलो होतो. एक हाक मारली असतीस तर वाचवला असता तुझ्या बापाला.' तेव्हापासूनच ती गप्प झाली."

खानविलकरांनी भात्याच्या खोलीच्या बुटक्या दाराकडं पाहिलं. आत मैनेनं काल बापासाठी नेलेला पाण्याचा तांब्या तसाच होता.

शुक्रवारी शांतवन बंदरावर आला. बोटीत चढण्याआधी त्यानं खानविलकरांना बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला. त्यांनी मैनेनं सांगितलेलं उत्तर दिलं, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत ते उन्हात उभे होते.